'भाऊबंदकी' पुन्हा रंगमंचावर आणा : सोलापूरच्या नाट्यसंस्थांना खुले पत्र

प्रति,
अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेची सोलापूर शाखा आणि शहर-जिल्ह्यातील सर्व हौशी नाट्यसंस्था,

शोकांतिकेचा नायक दुष्ट असून चालत नाही आणि साधुसंत असूनही चालत नाही. ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त हे पहिल्यांदा नीट मांडले. निर्दोष माणसाचा नाश पाहून प्रेक्षकाला चीड येते, नीचाचा नाश पाहून बरे वाटते. करुणा आणि भीती दोन्ही जाग्या व्हायच्या तर नायक कर्तबगार हवा आणि त्याच्या पतनाला कारण झालेला प्रमादही त्याचाच हवा. अशा प्रमादांमध्ये महत्त्वाकांक्षेचे स्थान वेगळे आहे. मत्सर, संशय, क्रोध हे दोष नायकाच्या गुणांना बाहेरून चिकटलेले असू शकतात. महत्त्वाकांक्षा मात्र त्याच्या गुणांच्या पोटातच असते. ज्या धडाडीने सेनापती लढाई जिंकतो तीच धडाडी त्याला सिंहासनाच्या पायरीपर्यंत नेते आणि तिथे थांबायचे कसे हे ती त्याला शिकवत नाही.

शेक्सपिअरचे 'मॅकबेथ' हे या प्रकारातले सर्वांना ठाऊक असलेले नाटक. मॅकबेथ राजाचे राज्य वाचवणारा सेनानी म्हणून प्रवेश करतो. चेटकिणी त्याला तो राजा होईल एवढेच सांगतात, खून कर असे कोणी सांगत नाही. भविष्य ऐकताच तो दचकतो आणि त्या दचकण्यात सगळे नाटक साठवलेले आहे, कारण खुनाचा विचार त्याच्या मनात बायको रंगमंचावर येण्याआधीच उगवलेला असतो. पहिला खून मुकुट मिळवण्यासाठी होतो. दुसरा, मित्र बँकोचा, मुकुट टिकवण्यासाठी होतो. मॅकडफच्या बायकामुलांच्या हत्येला मुकुटाचे कारणही उरत नाही. पहिल्या खुनाआधी रात्रभर स्वतःशी झगडणारा माणूस तिसऱ्या वेळी एका क्षणात हुकूम देऊन मोकळा होतो. महत्त्वाकांक्षेचे काम असे चालते: ती प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीपेक्षा कमी कारण मागते. शेवटी मुकुट डोक्यावर असतो, पण झोप गेलेली, मित्र गेलेले, आणि बायकोच्या मृत्यूची बातमी आल्यावर शोक करण्याइतकेही आत काही शिल्लक नसते.

संस्कृत रंगभूमीने शोकान्त टाळला, असे सर्रास म्हटले जाते. भासाचे 'ऊरुभंग' या समजाला मोठा अपवाद आहे. भासाची म्हणून ओळखली जाणारी नाटके टी. गणपतिशास्त्री यांना त्रावणकोरात हस्तलिखितांत सापडली आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती छापली गेली, तोवर हा अपवाद अभ्यासकांसमोर नव्हता. सुईच्या अग्रावर मावेल एवढी जमीनही न देणारा दुर्योधन या एकांकी नाटकात मांड्या मोडून जमिनीवर पडलेला आहे. त्याचा लहान मुलगा दुर्जय येऊन सवयीने मांडीवर बसू पाहतो आणि बापाला ते नाकारावे लागते. राज्य, भाऊ, सेना गेल्याचे दुःख एकीकडे आणि मुलाला मांडी देता न येण्याचे दुःख दुसरीकडे. भासाने दुसरे निवडले. महत्त्वाकांक्षेने माणसाचे नेमके काय हिरावून घेतले, हे एवढ्या थोडक्यात सांगणारा प्रसंग जगाच्या नाट्यवाङ्मयात क्वचितच सापडेल.

मराठी रंगभूमीने 'मॅकबेथ'ला अनेकदा जवळ केले. शि. म. परांजपे यांनी त्याचे 'मानाजीराव' केले, वि. वा. शिरवाडकरांनी १९५४ मध्ये 'राजमुकुट' लिहिले. पण मराठी माणसाला आपला मॅकबेथ शोधण्यासाठी स्कॉटलंडला जावे लागत नाही. तो शनिवारवाड्यात होता, आणि त्याच्यावरचे नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ मध्ये लिहून ठेवले आहे: 'भाऊबंदकी'. खाडिलकर टिळकांचे सहकारी, 'केसरी'तले माणूस. १९०७ मध्ये सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेस फुटली होती. घरातल्या घरात लढून राज्य बुडवणाऱ्यांची गोष्ट पाहताना त्या काळच्या प्रेक्षकाला ती फूट आठवली नसती तरच नवल. तरीही हे नाटक प्रचाराचे झाले नाही. पुढे नानासाहेब फाटकांनी राघोबा आणि दुर्गा खोटे यांनी आनंदीबाई गाजवली, आणि याच दुर्गाबाई 'राजमुकुट'मध्येही होत्या. दोन नाटकांचे नाते रंगभूमीने स्वतःच असे ओळखले.

राघोबादादा शोकांतिकेचे नायक का ठरतात, हे समजण्यासाठी त्यांचा मोठेपणा आधी मान्य करावा लागतो. शालेय इतिहासाने तो पुसून टाकला आहे. थोरल्या बाजीरावांचा हा मुलगा १७५८ मध्ये लाहोरात पोहोचला आणि त्याच मोहिमेत मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या. मराठीत 'अटकेपार झेंडे' हा जो अभिमानाचा शब्दप्रयोग रोज वापरला जातो, त्याच्या मुळाशी हे रघुनाथराव आहेत. या मोहिमेने यशाबरोबर कर्जही आणले हा भाग वेगळा. १७६१ मध्ये पानिपतानंतर नानासाहेब पेशवे वारले, तेव्हा घराण्यातला सर्वांत अनुभवी सेनानी तेच होते. पेशवाईची वस्त्रे मात्र सोळा वर्षांच्या पुतण्याला, माधवरावांना मिळाली. खंत वाटण्याला जागा होती. शोकांतिकेला अशीच जागा लागते, कारण अगदीच निराधार हाव पाहून प्रेक्षक नायकाच्या बाजूने कधी उभा राहत नाही.

पुढची बारा वर्षे पाहिली तर एक गोष्ट ठळक दिसते. राघोबांना प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणीतरी थांबवले. १७६७ मध्ये इंदूरचे मालेराव होळकर वारले. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांच्या सांगण्यावरून राघोबा होळकरांची दौलत ताब्यात घेण्याच्या इराद्याने फौज घेऊन माळव्यात गेले. अहिल्याबाईंनी लढाईची तयारी केली आणि बाईशी लढून हरलात तर जगात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, अशा आशयाचा निरोप पाठवल्याचे परंपरा सांगते. पुण्याहून माधवरावांनीही अहिल्याबाईंचाच हक्क मानला. राघोबा मागे फिरले. २०१९ पासून ज्यांचे नाव सोलापूरचे विद्यापीठ अभिमानाने मिरवते, त्या अहिल्यादेवींनी राघोबांच्या महत्त्वाकांक्षेला घातलेला हा बांध होता, आणि या शहरातल्या विद्यार्थ्यांना तो प्रसंग नाटकाच्या निमित्ताने सांगता येण्यासारखा आहे. पुढच्याच वर्षी, १७६८ मध्ये, धोडपच्या लढाईत माधवरावांनी काकांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले.

इथेच मॅकबेथ आणि राघोबा वेगळे होतात. मॅकबेथचा लगाम त्याच्या आत आहे. त्याची कल्पनाशक्ती आणि त्याची सदसद्विवेकबुद्धी त्याला आधीच सावध करते आणि तो ती पायदळी तुडवून पुढे जातो. राघोबांचा लगाम कायम बाहेर होता: कधी अहिल्याबाई, कधी माधवराव. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव वारले आणि तो लगाम तुटला. बाहेरचा लगाम तुटल्यावर आतून धरायला काहीच नव्हते. अनिर्बंध महत्त्वाकांक्षा म्हणजे फार मोठी महत्त्वाकांक्षा, असा एक गैरसमज आहे. राघोबांची महत्त्वाकांक्षा तशी मोठी नव्हती. घराण्यातले एक पद त्यांना हवे होते. तिला आत बांध नव्हता, एवढेच तिच्या विनाशकतेचे कारण.

३० ऑगस्ट १७७३. अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांवर गारदी शनिवारवाड्यात चालून आले. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ ही त्यांच्या म्होरक्यांची नावे. नारायणराव धावत काकांच्या खोलीत गेले आणि त्यांना मिठी मारून जीव वाचवा म्हणून विनवू लागले. चाफाजी टिळेकर हा सेवक मालकाच्या अंगावर आडवा पडला आणि त्यालाही मारले गेले. त्या मिठीच्या क्षणी राघोबांच्या हातात अजून सर्व काही होते. ते हुकूम मागे घेऊ शकत होते, निदान ओरडू शकत होते. नटासाठी यापेक्षा अवघड क्षण नाही, कारण इथे कृती काहीच नाही. काही न करण्यातूनच सगळे घडते.

या खुनाचा सगळा दोष आनंदीबाईंवर टाकण्याची मराठी समाजाला सवय लागली आहे. राघोबांच्या हुकुमातल्या 'धरावे'चे 'मारावे' त्यांनी केले, ही परंपरेने चालत आलेली कथा लहान मुलालाही पाठ असते. त्या कथेने राघोबांची सुटका केली आणि नाटकाचेही नुकसान केले. हीच गोष्ट लेडी मॅकबेथच्या बाबतीत घडते. नवऱ्याच्या मनात बी नसेल तर बायकोच्या बोलण्याने झाड उगवत नाही. धोडपला फौज घेऊन उभे राहिलेल्या, माळव्यावर चालून गेलेल्या माणसाला पेशवाईची इच्छा कोणी बाहेरून शिकवावी लागत नव्हती. 'भाऊबंदकी'तल्या आनंदीबाई तेजस्वी आहेत, धूर्त आहेत, त्यांचे संवाद धारदार आहेत. त्यामुळे प्रयोग त्यांच्याभोवती फिरवण्याचा मोह दिग्दर्शकाला होतोच. तो टाळला पाहिजे. नाटक राघोबांचे आहे. बाईला खलनायिका करून ठेवले की प्रेक्षक निश्चिंत होऊन घरी जातो, आणि शोकांतिकेचा प्रेक्षक निश्चिंत होऊन घरी गेला तर प्रयोग फसला असे समजावे.

नाटकाचा कळस रामशास्त्री प्रभुण्यांच्या प्रसंगात आहे. खुनानंतर पेशवाई राघोबांच्या हाती आली आहे. न्यायाधीश रामशास्त्री, ज्यांचा पगारही त्याच पेशव्यांच्या तिजोरीतून येतो, चौकशी करून समोर उभे राहतात. प्रायश्चित्त काय, या प्रश्नाला त्यांचे उत्तर एकच आहे: देहान्त. हे उत्तर देणाऱ्याजवळ शस्त्र नाही, फौज नाही, पाठीशी सरदार नाहीत. प्रभातच्या 'रामशास्त्री' (१९४४) चित्रपटात गजानन जागीरदारांनी ही भूमिका केली आणि ती पिढ्यान्पिढ्यांच्या डोळ्यांसमोर राहिली. रामशास्त्र्यांचे तेज दाखवणे तुलनेने सोपे आहे. कठीण आहे ते समोरच्या राघोबांना दाखवणे. सख्ख्या पुतण्याला मारणाऱ्यांना न रोखणारा हा माणूस एका निःशस्त्र ब्राह्मणाला मात्र जिवंत जाऊ देतो. का जाऊ देतो? लोकलाज म्हणता येईल, राजकारण म्हणता येईल. पण रंगमंचावर याचे एकच उत्तर प्रेक्षकाला पोहोचते: आत कुठेतरी त्यालाही तो निकाल मान्य आहे. राघोबा खलनायकाचे नायक होतात ते याच जागी. रामशास्त्री पद सोडून पुणे सोडतात. त्यानंतर राघोबांजवळ पेशवाई उरते आणि तिला मान्यता देणारा एकही स्वच्छ माणूस उरत नाही.

त्यानंतरची कथा सोलापूर जिल्ह्याची आहे, आणि हे पत्र सोलापूरच्या संस्थांना उद्देशून असण्याचे कारणही तेच. पुण्यात नाना फडणीस, सखाराम बापू आदी कारभाऱ्यांनी बारभाईंचे कारस्थान रचले आणि नारायणरावांची गरोदर पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर हलवले. मोहिमेवर असलेले राघोबा मागे वळले. मार्च १७७४ मध्ये पंढरपूरजवळच्या कासेगावला त्यांची बारभाईंच्या फौजेशी गाठ पडली. लढाई राघोबांनी जिंकली. बारभाईंचे सेनापती त्र्यंबकराव मामा पेठे जखमी होऊन हाती लागले आणि त्यातच दगावले. विजय मिळाला, पण पुण्याची वाट काही मोकळी झाली नाही. १८ एप्रिलला पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले, आणि ज्या पदासाठी एका पुतण्याचा जीव गेला ते पद काही आठवड्यांच्या बाळाकडे गेले. जिंकलेली लढाई इतकी निरुपयोगी ठरण्याचे दुसरे उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात शोधावे लागेल.

राघोबा गुजरातेत गेले आणि ६ मार्च १७७५ रोजी सुरतेला इंग्रजांशी तह करून बसले. पेशवाईच्या बदल्यात साष्टी आणि वसई द्यायचे कबूल केले. ज्या वसईसाठी १७३९ मध्ये त्यांचे चुलते चिमाजीअप्पा लढले, तीच वसई. पहिले इंग्रज-मराठा युद्ध यातून पेटले, १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने संपले, आणि राघोबांना नेमणूक घेऊन गोदाकाठी कोपरगावला राहावे लागले. ११ डिसेंबर १७८३ रोजी ते तिथे वारले. अटकेकडे गेलेल्या माणसाचा हा शेवट. त्याला मरण रणात आले नाही, गादीवरही आले नाही.

शोकांतिकेचा पाचवा अंक मात्र पुढच्या पिढीसाठी राखलेला होता. राघोबांचे पुत्र दुसरे बाजीराव पेशवे झाले. २० फेब्रुवारी १८१८ रोजी याच जिल्ह्यातल्या आष्टीच्या लढाईत सेनापती बापू गोखले तलवार हाती घेऊन पडले, बाजीराव निसटले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. मे महिन्यात जनरल मन्रोने सोलापूरचा भुईकोट घेतला. जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. कासेगाव, आष्टी आणि सोलापूरचा किल्ला या तीन जागा एका दिवसात पाहून होतात. चव्वेचाळीस वर्षांत पेशवाईच्या भाऊबंदकीचा हिशेब याच मुलखात पूर्ण झाला, आणि ज्यांनी तो चुकता केला त्यांत बापू गोखल्यांसारखी माणसे होती, ज्यांचा शनिवारवाड्यातल्या त्या दुपारशी काडीचाही संबंध नव्हता.

महत्त्वाकांक्षेची दुसरी मराठी शोकांतिका याच काळातली आहे आणि तिचेही सोलापूरशी नाते आहे. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगमंचावर आले. त्याचे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल पंढरपूरचे, शाळा सोलापूरची. नानांकडून कोतवाली मिळवण्यासाठी घाशीराम स्वतःची मुलगी देतो, ती मुलगी मरते, तरीही तो कोतवाली सोडत नाही. ऊरुभंगातला बाप मुलाला मांडी देऊ शकत नाही म्हणून रडतो, हा बाप मुलीला पणाला लावून अधिकार घेतो. पण तेंडुलकरांचे खरे लक्ष्य घाशीराम नाही. घाशीराम दगडांखाली संपतो आणि त्याला उभा करणारे नाना उत्सवाची आज्ञा देतात. सत्ताच कोणाच्या तरी महत्त्वाकांक्षेला खतपाणी घालते आणि काम झाले की मोडून टाकते. राघोबांना थांबवणारी माणसे होती, घाशीरामाच्या पुण्यात थांबवणारा कोणी नव्हताच. ही दोन नाटके एकमेकांशेजारी ठेवून पाहिली तरच दोन्ही पूर्ण कळतात. एरवी 'घाशीराम'चे कौतुक होत राहते आणि 'भाऊबंदकी' ग्रंथालयाच्या कपाटात राहते.

'भाऊबंदकी' आज करण्यात अडचणी आहेत हे खरे. भाषा भारदस्त, स्वगते लांब, प्रवेश अनेक, पात्रांची गर्दी. पूर्ण संहिता जशीच्या तशी केली तर प्रयोग आजच्या प्रेक्षकाला पेलणार नाही. पण संपादनाला मोकळीक आहे. खाडिलकर २६ ऑगस्ट १९४८ रोजी वारले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षे २००८ अखेर पूर्ण झाली, त्यामुळे या नाटकासाठी कोणाची परवानगी किंवा मानधन लागत नाही. दोन अंकी, दोन-सव्वादोन तासांची रंगावृत्ती तयार करता येईल. वाड्याचा भव्य सेट नसला तरी चालेल. गाद्या, एक लोड, एक दिवा आणि दोन नट एवढ्यावर रामशास्त्र्यांचा प्रवेश उभा राहतो. पदांची भर घालण्याचा मोह होईल, तो आवरलेला बरा. हे गद्य नाटक आहे आणि त्याचे बळ बोलण्यात आहे.

नटांचा तुटवडा सोलापूरला कधी नव्हता. फैय्याज इथल्याच. अतुल कुलकर्णी 'नाट्य आराधना' या इथल्या हौशी संस्थेतून पुढे गेले. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचे केंद्र शहरात असते, हुतात्मा स्मृती मंदिर आहे, आणि महाविद्यालयांमध्ये मराठी व इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी 'मॅकबेथ' आणि शोकात्मिकेची लक्षणे परीक्षेसाठी वाचत असतात. त्या विद्यार्थ्यांना राघोबा आणि रामशास्त्री समोरासमोर पाहायला मिळाले तर प्रमाद हा शब्द त्यांना व्याख्येतून शिकावा लागणार नाही.

म्हणून सर्व संस्थांना आग्रहाची विनंती आहे. येत्या ३० ऑगस्टला, नारायणरावांच्या स्मृतिदिनी, सर्व संस्थांनी मिळून हुतात्मा स्मृती मंदिरात 'भाऊबंदकी'चे जाहीर अभिवाचन करावे. त्यातून निवडलेल्या नटसंचाने राज्य नाट्य स्पर्धेसाठी रंगावृत्ती बसवावी, आणि स्पर्धा झाल्यावर तिचा एक प्रयोग कासेगावात व एक आष्टीत गावकऱ्यांसमोर विनामूल्य करावा. राघोबांची भूमिका संस्थेतल्या सर्वांत चांगल्या नटाला द्यावी.

सोलापूरचा एक नाट्यरसिक